बर्फाचा बांध

सायलीचा फोन आला तेव्हा भामाबाई गॅसवर चहा ठेवत होत्या. सायली त्यांची एकुलती एक मुलगी, कॅनडात एका वृद्धाश्रमात नर्स. पुणतांब्यात उजाडतं तेव्हा तिकडे तिची ड्युटी संपलेली असते, म्हणून रोजचा फोन याच वेळेला. आज मात्र ती घाईत होती.

"आई, जय भीम. माझी गाडी स्नोबँकेत गेलीय. मला काही झालं नाही, काळजी करू नको. गाडीचं बघते आणि मग बोलते."

फोन बंद झाला. भामाबाईंच्या कानात एकच शब्द राहिला. त्या तशाच बाहेर ओट्यावर नवऱ्याकडे आल्या.

"अवो, पोरीची गाडी बँकेनं नेली."

"कोन्च्या बँकेनं?" सहादूंनी पेपर खाली ठेवला. साखर कारखान्याचा ट्रक चालवण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"तिकडची हाय कोन्ती तरी. आता ह्या थंडीत कामाला जायाची कशी ती?"

सहादूंनी पेपरची घडी घातली. सायलीला परदेशी पाठवायचा हट्ट त्यांचाच. भामाबाई रडल्या तेव्हा त्यांनीच त्यांना गप्प केलं होतं. पोरगी गेल्यापासून "कधी येते" असं त्यांनी फोनवर एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं तर तिचा पाय तिथं टिकायचा नाही, असं त्यांना वाटे.

चहा उतू गेला तरी दोघं ओट्यावरच बसून होती. पुन्हा फोन वाजला तसा सहादूंनीच उचलला. पडद्यावर टोपी घातलेली सायली दिसली.

"सायले, ऐक. गाडी गेली तर जाऊ दे. तू परत ये. घर हाय, आमी हाये. तुला कुनी काय म्हनत न्हाई."

सायली बघतच राहिली. "अण्णा, तुमची तब्येत बरी आहे ना?"

"मला काय हुतंय? गाडी बँकेनं नेली न्हवं तुजी?"

सायली आधी हसली. मग तिचे डोळे भरून आले.

"अहो, ती पैशांची बँक नाही. रस्त्यावरचा बर्फ मशिननं बाजूला सारतात, त्याचा कडेला लांबच लांब ढीग होतो. त्याला स्नोबँक म्हणतात. नदीच्या काठाला पण इंग्रजीत बँकच म्हणतात. गाडी घसरून त्यात घुसलीय, बस्स."

तिनं वृद्धाश्रमाच्या काचेच्या दारातून मोबाईल बाहेर धरला. कमरेएवढा पांढरा ढीग आणि त्यात नाक खुपसून उभी असलेली निळी गाडी.

सहादूंनी निरखून पाहिलं. "म्हंजे बांध हाय ह्यो. बर्फाचा बांध."

"हां, बांधच."

"मंग गाडी बांधावर गेली आसं सांगावं की नीट," भामाबाई म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.

जरा वेळानं सायली म्हणाली, "अण्णा, मला वाटायचं, परत आले तर तुम्हाला आवडणार नाही."

सहादूंनी टॉवेल तोंडावरून फिरवला. "तुजं काम तिथं हाय, ते कर. पन यावंसं वाटलं तर यायचं. मला इचारत बसू नको."

गाडी ओढून काढणारा ट्रक यायला वेळ होता. भामाबाईंनी मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि भाकरी थापायला घेतल्या. सायली तिकडे खुर्ची ओढून बसली. कोण आजी आज जेवली नाही, कुणाचा नातू येऊन गेला, असं काहीबाही सांगत राहिली. ट्रक आला तसे सहादू पडद्याला चिकटले.

"हळू वढ म्हनाव त्येला. झटका देऊ नको म्हनाव."

सायलीनं ते इंग्रजीत सांगितलं. ट्रकवाल्यानं मान डोलावली. गाडी हळूहळू मागं आली, पुढच्या काचेवरून बर्फ घसरून पडला.

"मी एप्रिलमध्ये रजा टाकते," गाडीत बसता बसता सायली म्हणाली. "कैऱ्या असतील ना?"

"आसतील," भामाबाई म्हणाल्या. "तू ये."