नऊ घास

बुन्नामने भातवाढी डाव्या हातात धरली, बिडाच्या भांड्यात खुपसली आणि वर उचलली. नव्या तांदळाचा वाफाळता गोळा पितळी वाडग्यापर्यंत पोहोचला, काठाला अडखळला आणि उलटला. जमिनीवरच्या पिवळ्या तेलकागदावर तो पडला नि फुटला. चौरंगांपाशी तिचा मुलगा आणि नात बसली होती, उंबऱ्यापाशी सून.

"बघत काय बसलीस?" ती सुनेला म्हणाली. "वेच."

हेसुन उठली आणि फडकं आणायला वळली.

"फडकं कशाला? शेतातून आलेला यंदाचा पहिला तांदूळ आहे तो. पुसून टाकायला काय शेण पडलंय? वेच आणि खा. दाणा न् दाणा."

"आजी!" जियुन म्हणाली. सणाच्या सुट्टीला ती आदल्याच दिवशी सोलहून आली होती. "आई एक्कावन्न वर्षांची आहे."

"मग अजून डोळे धड असतील. दिसतील तिला दाणे."

हेसुन गुडघ्यांवर बसली. दोन बोटांनी एकेक दाणा उचलून ती तोंडात घालू लागली. चिकट भात होता, बोटांना धरून राहत होता. तिचा नवरा इन्सोक समोरच्या खारवलेल्या बांगड्याकडे पाहत राहिला. कुळातला थोरला पुरुष म्हणून अख्ख्या खोऱ्यात त्याला मान होता. या खोलीत मात्र तो आईचा मुलगाच होता.

उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून बुन्नामचा उजवा हात दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा मांडीवर पडून असे. पूर्वी ती स्वयंपाकघरात चुलीपाशी उभी राहून भात वाढी. आता दोन पायऱ्या उतरून तिथे जाणं होत नव्हतं, तेव्हा भांडंच खोलीत आणून तिच्यापुढे ठेवावं लागे. विजेवर शिजणारा भात या घरात अजून आला नव्हता. भातवाढीही तिच्या हातून सुटली नव्हती. इकडे आंदोंगच्या बाजूला सासवा साठी-पासष्टीला आतली खोली, तांदळाच्या पेटीची किल्ली आणि भातवाढी सुनेच्या हाती देतात आणि पलीकडच्या लहान खोलीत जातात. शेजारपाजारच्या सगळ्या सासवा केव्हाच तिकडे गेल्या होत्या. बुन्नामला एकोणऐंशीवं चालू होतं.

"आई," इन्सोक घसा साफ करत म्हणाला, "आता हे वाढायचं काम हिच्याकडे दिलं तर... तुझ्या हाताला तेवढाच आराम."

"मी मेल्यावर माझ्या तोंडात तीन चमचे तांदूळ भराल ना? त्या दिवशी सुटेल हातातून. तोवर आराम नको मला."

"तसं नव्हतं म्हणायचं."

"कसं म्हणायचं होतं ते कळतं मला. कोण कुणाच्या कानात काय घालतं, तेही कळतं."

हेसुनच्या तोंडात भात होता. एरवीही एकतीस वर्षांत ती फारसं बोललेलीच नव्हती.

एकतीस वर्षांपूर्वी, याच खोलीत, लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी तिच्या हातून एक चूक झाली होती. वीस वर्षांची नवी सून सासऱ्यांचा चौरंग घेऊन आत आली. पाहुण्यांनी खोली भरलेली होती. तिने चौरंग सासऱ्यांपुढे ठेवला, आणि सगळे ताटाकडे बघू लागले. भाताचा वाडगा सासऱ्यांच्या उजव्या हाताला होता आणि साराचा डाव्या. जिवंत माणसाचा भात डावीकडे असतो, सार उजवीकडे. उलट मांडतात ते मेलेल्यांसाठी.

 हेसुन सतरा वर्षांची असताना तिची आई गेली होती. सुतकाच्या तीन वर्षांत आईच्या नावाच्या पाटीपुढे रोज सकाळ-संध्याकाळ गरम भाताचं ताट मांडण्याचं काम तिच्याकडे होतं. घरातल्या जित्यांची ताटं काकू मांडी. मेलेल्या आईचं तेवढं या मुलीच्या वाट्याला. ताट मांडायचं, खोलीबाहेर उभं राहून मेलेलं माणूस नऊ घास जेवेल इतका वेळ थांबायचं, मग आत जाऊन सार उचलायचं आणि त्या जागी खरवडीचं कोमट पाणी ठेवायचं. तीन वर्षांत हाताला तेवढंच वळण लागलं होतं.

हे तिने रडत रडत सांगितलं. सासरा हसला. "अगं, पोटात गेलं की डावं काय नि उजवं काय," असं म्हणून त्याने स्वतःच वाडगे बदलून घेतले आणि जेवायला सुरुवात केली. त्याच हिवाळ्यात तो अंगणात कोसळला. प्रेत अजून खोलीत होतं, तेव्हा बुन्नाम आलेल्या बायकांना म्हणाली, "यांचं ताट सुनेने पहिल्याच दिवशी मांडून ठेवलं होतं."

त्यानंतर हेसुनने या घरात सगळं केलं. तांदूळ सात पाण्यांतून धुतले, चूल फुंकली, किमचीचे रांजण भरले, सोयाबीन आंबवलं, बांगड्यांना मीठ चोळलं. तिच्या हातच्या सारासाठी तालुक्यातले पाहुणे मुद्दाम जेवणाची वेळ गाठून येत. त्यात बुन्नामलाही खोट काढता आली नाही. म्हणून तिने त्याविषयी कधी अक्षर काढलं नाही. पण वाडग्यात भात वाढायचा नाही आणि माणसापुढे ताट मांडायचं नाही, हे तेव्हाच ठरलं. ते पुन्हा बोलून दाखवावं लागलं नाही. बुन्नाम प्रत्येकाला दोनदा वाढी. एकदाच वाढणं म्हणजे समोरच्याबद्दल मनात काही नाही असं दाखवणं. दारावरच्या भिकाऱ्यालाही या गावात कोणी एकदाच वाढत नाही. हेसुनचा वाडगा शेवटी पुढे येई. त्यात ती एकदा वाढी. मग भातवाढी भांड्याच्या काठावर ठक्कन आपटून दाणे झटकी.

आताही तिने ती आपटली, पण आवाज नेहमीसारखा झाला नाही. तिने पुन्हा भात उचलला.  भातवाढी वाडग्यावर आली आणि तिथेच थरथरत राहिली. भात निम्मा वाडग्यात पडला, निम्मा बाहेर.

हेसुन अजून खाली बसलेली होती. तिने हात पुढे केला.

"तू नको," बुन्नाम म्हणाली. आणि सुनेच्या डोक्यावरून तिने भातवाढी नातीपुढे धरली. "जियुन, तू घे."

"मी?"

"तू. तुझं आडनाव तरी आपलं आहे. ही एकतीस वर्षं आपला भात खाते आहे, पण आडनाव बापाचंच लावते."

"आजी, आपल्याकडे लग्न झालं तरी सगळ्याच बायका बापाचं लावतात. तूसुद्धा."

इन्सोकला हसू आलं. आईने पाहताच ते विझलं.

"मी मुलगा दिला या घराला," बुन्नाम म्हणाली. "हिने काय दिलं?"

"मी," जियुन म्हणाली.

 मग जियुनने भातवाढी घेतली आणि जमिनीवर बसलेल्या आईच्या हातात ठेवून तिची बोटं त्यावर मिटवली. "मी सोलला सकाळी पाव खाते, आजी. मला भात वाढता येत नाही. आई, तू वाढ. बांगडा गार होतोय."

भातवाढी परत मागावी असं बुन्नामच्या ओठांवर आलं होतं. पण एकदा हाताबाहेर गेलेली वस्तू मुलाच्या आणि नातीच्या देखत परत मागायची, म्हणजे ती गेली हे कबूल करायचं. तिने पाठ ताठ केली.

"बरं. वाढ. जिवंत माणसाचं ताट कसं मांडतात, ते एवढ्या वर्षांत कळलंय ना?"

"कळलंय, आई."

"कळलं असलं म्हणजे झालं. या घरात विधवा एकच पुरे."

हेसुनने बोटांना चिकटलेला शेवटचा दाणा तोंडात घातला, हात पुसले आणि भांड्यापाशी येऊन बसली. भाताला तिने कडेने हलकेच मोकळं केलं. बुन्नामचा वाडगा प्रथम घेतला, तसंच घ्यायला हवं होतं. एकदा वाढलं. पुन्हा वाढलं. भाताला वर गोलाई दिली, दाणा न मोडता. इतका सुरेख शिगोशीग भरलेला वाडगा या घरात सासरा गेल्यापासून कोणी पाहिला नव्हता. मग तिने दोन्ही हातांनी तो उचलला आणि सासूच्या चौरंगावर ठेवला. उजवीकडे. साराचा वाडगा उचलला आणि ठेवला डावीकडे.

बुन्नामने ते पाहिलं. सुनेची चूक सापडल्याची जुनी, ओळखीची ऊब तिच्या पोटात पसरली. नंतर कोणी नाही म्हणू नये, म्हणून सुनेचे हात वाडग्यावरून पूर्ण निघेपर्यंत ती थांबली.

"इन्सोक, बघ," ती म्हणाली. "डोळे उघडून बघ तुझ्या बायकोने काय केलंय."

"तुम्ही डाव्या हाताने जेवता ना, आई," हेसुन म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच खाली होता. "सार त्या हाताजवळ असलं की बाहीवर सांडत नाही. काल भाजलं होतं तुम्हाला."

इन्सोक पुढे वाकला. त्याने चौरंगाकडे पाहिलं, आईच्या हाताकडे पाहिलं.

"खरंच की. हे आमच्या डोक्यात कसं आलं नाही? आई, काल बाही कोपरापर्यंत भिजली होती तुझी. हेच सोयीचं आहे."

"सोयीचं," बुन्नाम म्हणाली.

"आणि काय? डाव्या हाताला डावी बाजू."

हेसुन पुढची ताटं मांडत होती. इन्सोकचा भात डावीकडे, सार उजवीकडे. जियुनचा भात डावीकडे, सार उजवीकडे. तिच्या हातांनी कुठे थबकायचं कारण नव्हतं. शेवटी तिने फडताळातून स्वतःचा चिनीमातीचा वाडगा काढला, त्यात एकदा वाढलं, थोडं थांबून पुन्हा वाढलं, आणि उंबऱ्यापाशी न बसता मुलीच्या शेजारी येऊन बसली. भात डावीकडे, सार उजवीकडे.

बुन्नामने डावा हात साराच्या वाडग्याला लावला. पितळ तापलेलं होतं. तो वाडगा उचलून पलीकडे न्यायचा तर आधी भाताचा वाडगा हलवायला हवा, आणि तो हलवायचा तर जागा हवी. त्या कामाला दोन हात लागत.

"भाजेल, आई," हेसुन म्हणाली.

"आजी, चमचा उचल ना," जियुन म्हणाली. "भूक लागलीय. तू सुरू केल्याशिवाय आम्हाला हात लावता येतो का?"

तिघंही थांबले होते. थोरल्याने चमचा उचलल्याशिवाय कोणी घास घ्यायचा नाही, हे तिनेच शिकवलं होतं. इन्सोकला तो चार वर्षांचा असताना मनगटावर चमचा मारून. तिने चमचा उचलला.

नव्या तांदळाचा भात गोड होता. इतका मऊ, इतका नेमका शिजलेला, की तो चावावाही लागला नाही. तिने दुसरा घास घेतला. इन्सोकने बांगड्याचा काटा काढून एक तुकडा तिच्या भातावर ठेवला. तिसरा. जियुन तिळाच्या पानात भात गुंडाळून भराभर खात होती आणि सोलमधल्या भातात कसा जीव नसतो ते सांगत होती.

बुन्नामची नजर सुनेकडे गेली. हेसुन जेवत नव्हती. हात मांडीवर, मान किंचित खाली, नजर सासूच्या चौरंगावर. तिथे घाई नव्हती, रागही नव्हता. एखाद्या कामाची वेळ होईतो माणूस बसतं तशी ती बसली होती.

चौथ्या घासानंतर बुन्नामने चमचा ठेवायचा विचार केला. पण पानात भात टाकणं तिने जन्मात केलं नव्हतं, आणि इतरांना करू दिलं नव्हतं. पाचवा घास तिने घेतला. सहावा. मोजायचं नाही असं ठरवून सातवा.

"आई, आज चांगली जेवतेस," इन्सोक म्हणाला. "हिच्या हातचं वाढलेलं मानवलेलं दिसतंय."

आठवा.

नववा घास तिने तोंडात धरून ठेवला, जितका वेळ धरवला तितका. मग तो गिळला गेला.

हेसुन उठली. आवाज न करता चौरंगापाशी आली. सार अजून अर्धं होतं. तिने ते दोन्ही हातांनी उचललं आणि त्या जागी खरवडीच्या कोमट पाण्याचा वाडगा ठेवला.

"सावकाश घ्या, आई," ती म्हणाली.

मग दोन पावलं मागे सरून ती आपल्या जागेवर बसली आणि तिने स्वतःचा चमचा उचलला.