सव्वातीनचं गिऱ्हाईक

"काकू, मोबाइल दुरुस्तीवाला खाली आहे. जिन्याच्या डाव्या हाताला," मी मान वर न करता म्हणाले. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या ऑफिसात दिवसातून दोनदा तरी कुणी ना कुणी चुकून चढून येतंच.

"तिथूनच आले. तो म्हणतो, फोन चांगला आहे."

"मग झालं तर."

"चांगला नाही, बेटा. कालपासून बिघडलाय." त्या दारातच उभ्या होत्या. साठीच्या, बारीक अंगाच्या, एका हातात कापडी पिशवी. "दुकानाच्या वेबसाइटच्या खाली तुमचा पत्ता होता, म्हणून आले. मी धुळ्याची. ज्ञानचंदजींच्या घरातली."

मी ताडकन उठले. ज्ञानचंदभाऊंचं साड्यांचं दुकान म्हणजे आमचं जुनं काम. त्यांची बायको, तारादेवी, धुळ्याच्या देवपूरहून एकटी एसटीने जळगावात आलेली, आणि मी तिला जिना दाखवत होते. खुर्ची दिली, पाणी दिलं.

लोक वेबसाइट बनवतात, मी त्या झाडते. दुकानदारांना हौस असते. एकाच साडीची दोन पानं करायची, अर्ध्या लोकांना एक दाखवायचं, अर्ध्यांना दुसरं, नि कशाने जास्त विक्री होते ते मोजायचं. याला आम्ही चाचणी म्हणतो. ज्या फोनला जे पान मिळालं, तेच त्याला कायम दिसतं. शिवाय कोण आलं, किती वेळ थांबलं, हे टिपणाऱ्या गोष्टी वेगळ्याच. हौस फिटते, पण लावलेलं काढायला कुणाला सवड नसते. वर्षानुवर्षं ते तसंच चालू राहतं नि वेबसाइट रांगायला लागते. मग ज्ञानचंदभाऊंसारख्यांचा फोन येतो, "ताई, जुनं बठ्ठं काढी टाका. गिऱ्हाईक थांबत नही."

परवा मी ते बठ्ठं, म्हणजे सगळं, काढून टाकलं होतं. सतरा मेलेल्या चाचण्या. त्यातली एक तीन वर्षं चालूच राहिलेली, तिच्यात एक जडशीळ व्हिडिओ. मी तो उघडूनही बघितला नाही. आकार बघितला आणि उडवला. नंतर कचऱ्याची पेटीही रिकामी केली, कारण अर्धवट झाडणं मला आवडत नाही. घरीही मी अशीच आहे, माझ्या आईला विचारा.

"काय बिघडलंय?" मी विचारलं.

त्यांनी फोन पुढे केला. दुकानाचं पान होतं, जांभळी पैठणी, पुतळ्यावर नेसवलेली.

"इथं चेलना यायची," त्या म्हणाल्या.

चेलना त्यांची मुलगी. दुकानाची वेबसाइट तीच सांभाळायची. तीन वर्षांपूर्वी डेंग्यूने आठ दिवसांत गेली, बावीस वर्षांची. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, फक्त ऐकून होते.

"ही साडी तिनेच नेसून दाखवलेली. अशी गोल फिरायची, पदर पडायचा, मग हसायची. संपलं की पुन्हा फिरायची. फोटो आहेत घरी कपाटात. पण फोटोत ती हलत नाही ना." त्यांनी पदराने फोनची काच पुसली. "दुपारी सगळे झोपले की मी उघडायची. यायला वेळ लागायचा, ते चक्र गोल गोल फिरत राहायचं. तेवढ्यात मी केस सारखे करून घ्यायची. कालपासून पान लगेच उघडतं, आणि ती नसतेच."



त्या मला माहीत होत्या. धुळ्याचा एक फोन, रोज दुपारी सव्वातीनला, एकाच पानावर, दहा-बारा मिनिटं, खरेदी शून्य. महिन्यापूर्वीच मी तो फोन मोजणीतून वगळला होता, आकडे स्वच्छ दिसावेत म्हणून. आमच्या धंद्यात नुसतं बघून जाणारं माणूस म्हणजे कचरा. मी स्वतः त्या नोंदीपुढे 'फालतू' असं लिहिलं होतं.

"घरी कुणाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगणार? एकदा हिनाच्या फोनवर उघडून बघितलं, सुनेच्या. तिथं ती नव्हती. यांच्या फोनवर हळूच बघितलं, तिथंही नाही." त्या माझ्याकडे वाकल्या, आवाज उतरवला. "माझ्याच फोनवर येते ती. फक्त माझ्या."

आता मी काय सांगायचं होतं? की काकू, तुम्ही नकळत व्हिडिओवाल्या अर्ध्यात पडलात आणि हिना पुतळ्यावाल्या? मी नुसतं "बघते हं" म्हणाले आणि कामाला लागले. सर्व्हर बघितला, जुन्या प्रती बघितल्या, माझा कॉम्प्युटर उलटापालटा केला. काहीच नव्हतं. मी जे काम करते ते नीट करते, दुर्दैवाने. चाचणीचे आकडे तेवढे उरले होते. पुतळ्याच्या पानापेक्षा चेलनाच्या पानावरून दुप्पट साड्या गेल्या होत्या, आणि ते बघायला ती राहिली नव्हती.

त्या तासभर हलल्या नाहीत. चहा आणला तो तसाच निवला.

शेवटी मी ज्ञानचंदभाऊंना फोन लावला. मूळ व्हिडिओ घरी असेल, एवढीच आशा होती. "काकू इथं आल्यात, काळजी करू नका," असं आधी सांगितलं, मग बाकीचं. स्पीकर चालू होता. दुकानात कुणीतरी रंग उजळ आहे का विचारत होतं. भाऊ बाहेर आले असावेत, कारण मागचा आवाज थांबला.

"तिच्या फोनमध्ये होतं सगळं," ते म्हणाले. "तो फोन मी तापीच्या पुलावरून पाण्यात सोडला. हिचं खाणंपिणं सुटलं होतं हो. मला वाटलं, दिसलं नाही तर विसरेल."

"माझ्याकडूनही गेलं, भाऊ. मी बघायला हवं होतं. चूक माझी आहे."



"म्हणजे तीन वर्षं ती तिथं होती?" भाऊंनी विचारलं.

"होती."

"रोज सकाळी दुकान उघडलं की पहिली वेबसाइट उघडतो मी. रोज." त्यांचा आवाज फाटला. "मग माझ्या फोनवर का नाही आली?"

मी तोंड उघडलं. उत्तर माझ्याजवळ होतं, अगदी बरोबर उत्तर, आणि ते मी कुठल्याही दुकानदाराला एका वाक्यात समजावून देते. तारादेवींनी माझ्या हातावर हात ठेवला आणि फोन आपल्याकडे ओढून घेतला.

"तुम्ही दुकानात असता ना," त्या म्हणाल्या. "चार माणसांत कशी येईल ती? लाजायची. तुमचं विचारायची मात्र रोज."

पलीकडे भाऊ हमसून रडायला लागले. तारादेवी फोन कानाशी धरून ऐकत बसल्या, मधूनमधून "हो, हो" म्हणत.