सात मजले चढून

सही करायची म्हणून संयोगिताने फाइल उघडली आणि माउसवरचा तिचा हात थबकला.

जेवून येताना लिफ्ट बंद पडलेली होती. सात मजले जिन्याने चढताना तिने इमारतीच्या मालकापासून सगळ्यांचा मनातल्या मनात उद्धार केला होता. श्वास अजून जागेवर आला नव्हता, कानशिलं तापली होती. डोकं मात्र लख्ख झालं होतं. दहा वर्षं ती या तपासणी केंद्रात डॉक्टर होती. बायकांच्या मॅमोग्राफीची चित्रं वाचायची आणि आपल्या नजरेचा तिला, खरं सांगायचं तर, थोडा गर्वच होता.

समोरचं चित्र तिने सकाळीच पाहिलं होतं. गौरी, वय त्रेचाळीस, आनेकलच्या कारखान्यात कामाला. खाली तिनेच लिहिलेलं होतं : दोष आढळला नाही.

आता डाव्या बाजूला, काखेकडे, बारीक पांढरे ठिपके दिसत होते. रवा सांडावा तसे, एकाच जागी. सकाळीही ते तिथेच असणार.

"कार्तिक, ही बाई गेली का?"

कार्तिक केंद्रातला जुना तंत्रज्ञ. तिच्यासारखाच बेंगळुरूत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातला, म्हणून दोघंच असले की तिला अक्का म्हणायचा.

"खाली बसलीय, अक्का. रिपोर्ट घेऊन बस पकडायची म्हणते."

"थांबव तिला. डावी बाजू परत जवळून काढायचीय. घाबरवू नकोस."

"सकाळी सरी होतं ना, सगळं ठीक?"

"नव्हतं. मी पाहिलं नाही."

हे वाक्य तिने या खोलीत आजवर कधी उच्चारलं नव्हतं. कार्तिक गौरीला थांबवायला गेला.

तिने सकाळची उरलेली चित्रं एकेक करून उघडली. नवव्यात पुन्हा एक डाग. तीन तास खुर्चीत रेलून, कॉफीच्या जोरावर वाचताना तो सुटला होता. आता छाती धडधडत असताना पहिल्या नजरेत सापडला. चाला, जिने चढा, डोकंही तरतरीत राहतं, असं ती बायकांना हसत हसत सांगायची. स्वतः मात्र गाडीतून लिफ्टमध्ये आणि लिफ्टमधून खुर्चीत. या दहा वर्षांतल्या बायका आज कुठे असतील?

आणि मग तिला आई आठवली.

कौशल्याबाई गेल्या महिन्यात जयनगरहून रिक्षाने तपासणीला आल्या होत्या. "स्वल्प दुखतं गं, वयाचं असेल," म्हणाल्या होत्या. घरच्या माणसाचं चित्र दुसऱ्या डॉक्टरने वाचायचं, अशी इथली रीत. पण आईचं दुसऱ्याच्या हाती कशाला, म्हणून संयोगिताने हट्टाने स्वतः वाचलं. दिवसभराच्या कामानंतर, सगळ्यात शेवटी. ठणठणीत आहेस, असं तिने आईला फोनवर सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी आईने केंद्रातल्या सगळ्यांसाठी चिरोटे पाठवले होते.

तिने आईचं नाव टाइप केलं. यादीत फाइल आली. उघडायला बोट पुढे गेलं आणि तिथेच थांबलं. एव्हाना ती तासभर खुर्चीत बसून होती. श्वास केव्हाच शांत झाला होता, डोळे जड झाले होते. याच डोळ्यांनी तिने आईचं चित्र पाहिलं होतं.

कार्तिक परत आला.

"गौरीचं नवं चित्र आलंय, अक्का. लिफ्टपण सुरू झाली."

"ठेव. आल्यावर दोन्ही बघते."

दोन्ही म्हणजे कोणती, हे विचारायला त्याने तोंड उघडलं. मग त्याला स्क्रीनवरचं नाव दिसलं. तो चिरोटे खाल्लेल्यांपैकीच एक होता.

"कुठे जाताय? काही हवं असेल तर मी आणतो की."

"नाही रे. मलाच जायला हवं."

ती जिन्याने खाली उतरली. शेवटच्या पायरीवर तिने चपला काढून हातात घेतल्या, वळली आणि धावत वर निघाली.