पंचनाम्यावरची सही

तपास अधिकारी बोंचेव दुकानात शिरला तेव्हा वेलिकाच्या ओठांत टाचण्या होत्या आणि समोर स्टुलावर डॉक्टरांची मुलगी नवरीचा झगा घालून उभी होती. लग्न शनिवारी होतं, आणि हा गुरुवार.

"मावशी, अर्धा तास चला जरा. पंच हवाय," तो म्हणाला.

टाचण्यांमुळे तिला नाही म्हणता आलं नाही. पुढं कितीदा तरी तिनं स्वतःची अशी समजूत घालून पाहिली. ती पटली कधीच नाही.

कशासाठी पंच हवाय हे गावात कुणाला सांगावं लागत नव्हतं. गावाचं गाणं, नाटक, बँड सगळं वाचनालयाच्या सभागृहातच चालायचं. तीन आठवड्यांपूर्वी वाचनालयाचा रखवालदार गान्चो तिथल्या शेगडीपाशी मरून पडलेला सापडला होता. डोकं फुटलेलं. बँडची सगळी पितळी वाद्यं नाहीशी झाली होती. त्या टंचाईच्या वर्षांत बल्गेरियात पितळ म्हणजे सोनंच होतं, लोक विजेच्या तारासुद्धा कापून भंगारात घालत. म्हणून पोलीस सरळ नदीपलीकडच्या भटक्यांच्या वस्तीत गेले आणि देमिर कल्हईवाल्याला उचलून घेऊन आले. त्याच्या खोपटात पितळेचे तुकडे सापडले. कल्हईवाल्याच्या खोपटात दुसरं काय सापडणार? पण तिसऱ्या दिवशी त्यानं कबुलीजबाब दिला आणि गावानं सुटकेचा श्वास सोडला.

आज तो जागेवर येऊन सगळं करून दाखवणार होता. पंच दोन, वेलिका शिंपीण आणि इल्को न्हावी. दोघांची दुकानं समोरच होती म्हणून.

देमिरला गाडीतून उतरवलं. वेलिका त्याला वीस वर्षं ओळखत होती. दर शरद ऋतूत मिरच्यांची चटणी घोटायच्या आधी ती त्याच्याकडून मोठी कढई कल्हई करून घ्यायची. हा माणूस काम करताना अखंड बडबड करायचा. आज तो गप्प होता. उजव्या हाताची बोटं सुजून एकमेकांना चिकटली होती.

"हं, दाखव कुठून आत गेलास," बोंचेव म्हणाला.

देमिर पुढच्या मोठ्या दाराकडं निघाला.

"तिकडं कुठं? बाजूनं गेलास ना? तूच सांगितलंस की."

देमिरनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. "हो. बाजूनं."

बाजूचं दार म्हणजे एक प्रकरण होतं. त्याला कुलूप नव्हतं, आणि लागतही नव्हतं. चौकट खचलेली होती. मूठ दोन्ही हातांनी वर उचलून धरायची, खालच्या फळीला गुडघ्याचा दणका द्यायचा आणि मग आपल्याकडं ओढायचं, तेव्हा कुठं ते उघडायचं. वेलिका वाचनालयाच्या गायनवृंदात वर्षानुवर्षं गात आली होती, तिच्या गुडघ्याला ते दार पाठ होतं. गायनवृंदातले, बँडमधले, नाटकातले, अशा तीसेक माणसांना ते उघडता येई. पुढच्या दाराची साखळी शाबूत होती, म्हणजे खुनी याच दारानं आत गेला होता.

देमिरनं दार ढकललं. मग खांदा लावला. मग उभा राहिला, पुढं काय करायचं ते कुणीतरी सांगेल म्हणून वाट बघत.

"हात दुखतोय त्याचा," बोंचेव म्हणाला. तपासाच्या दिवसांत तो ते शिकला होता. तो पुढं झाला, मूठ उचलली, गुडघा मारला, दार ओढलं. "असंच ना?"

"असंच," देमिर म्हणाला.

आतही तोच प्रकार. कुठं मारलंस? देमिर बघायचा बोंचेवकडं आणि बोंचेव बघायचा शेगडीकडं. मग देमिरचं बोट शेगडीकडं जायचं.

पंचनामा लिहून झाला. बोंचेवनं तो भराभरा वाचला. आरोपीनं स्वतःहून बाजूचं दार दाखवलं, स्वतःच्या हातानं उघडलं, कुणी काही सुचवलं नाही. इल्कोनं सही केली. वेलिकानं कागद हातात घेतला. ती नवरी अजून स्टुलावर उभी असेल, हा एकच विचार तिच्या डोक्यात होता. सही करून ती धावतच दुकानात परतली.

शनिवारी लग्न थाटात झालं. झगा नवरीच्या अंगावर चपखल बसला. सगळ्यांनी वाखाणणी केली, आणि वेलिकानं कोकराचं ताट तसंच बाजूला सारलं.

"काय झालंय तुला?" नवरा मिन्चोनं विचारलं.

तिनं सांगितलं. मिन्चो जन्मभर बस चालवलेला माणूस, वळण दिसलं की आधी वेग कमी करणारा. तो म्हणाला, "अगं, त्यानं स्वतः कबूल केलंय. तुझ्या दारानं काय फरक पडतो?"

"त्याला ते दार उघडता येत नाही, मिन्चो."

"नसेल येत. मग ज्याला येतं तो कोण, हे शोधायला निघणार तू? तीस माणसं आहेत. सगळी आपलीच. त्यात मीपण आलो, बँडमध्ये ढोल वाजवत होतो." तो हसला नाही. "कळतंय का मी काय म्हणतोय?"

तिला कळत होतं. गावानं सुटकेचा श्वास का सोडला होता तेही आत्ता कळलं.

सोमवारी ती पहिल्यांदा गेली ती दोनाकडं. दोना म्हणजे गान्चोची बायको. दोघी गायनवृंदात शेजारी-शेजारी उभ्या राहायच्या. दोनानं काळा रुमाल बांधला होता. टेबलावर निवडायला घेतलेला गहू होता, गान्चोच्या चाळिसाव्या दिवशी उकडून वाटायला.

वेलिकानं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. दोनाचा चेहरा हळूहळू घट्ट होत गेला.

"तो स्वतःच्या तोंडानं म्हणाला, मी मारलं. न केलेला खून कुणी कबूल करतं का गं? मला मारून टाकलं तरी मी म्हणणार नाही!"

"मी केली ना सही."

"कसली सही?"

"खोट्या कागदावर. मला कुणी चापट मारली नाही, कुणी साधा आवाज चढवला नाही. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, तेवढं मला पुरलं. त्याला तर तीन दिवस ठेवलं होतं, दोना. त्याच्या बोटांकडं बघितलंस का?"

दोना उठली. तिनं दार उघडून धरलं. "माझा माणूस मातीत गेला. एक गुन्हेगार मिळालाय, तोही तू काढून घ्यायला आलीस. जा इथून."

त्या दिवसानंतर गायनवृंदात दोना दुसऱ्या टोकाला उभी राहू लागली.

देमिरला सरकारनं वकील दिली होती. नेवेना नावाची, जेमतेम तिशीची, सर्दीनं नाक लाल झालेली. तिच्या टेबलावर फायलींचे ढीग होते. वेलिकाचं ऐकता ऐकता ती लिहायची थांबली.

"मावशी, नीट ऐका. नुसत्या कबुलीजबाबावर शिक्षा होत नाही, जोडीला काहीतरी लागतं. इथं जोडीला हा पंचनामा आहे. खुन्यालाच ठाऊक असणार ते त्याला ठाऊक होतं, असं त्यात लिहिलंय. पंचनामा पडला तर त्यांच्याकडं काही उरत नाही."

"मग पाडू या."

"तो पाडायचा तर तुम्हाला कोर्टात म्हणावं लागेल, मी खोटी सही केली. तो गुन्हा आहे. तुमच्यावर खटला होईल."

"होऊ दे."

"घरी विचारून या."

"मी अठ्ठावन्न वर्षांची आहे, मुली. विचारायचं त्यांना विचारून झालंय. सगळे नाही म्हणाले."

बातमी बोंचेवच्या कानावर जायला दोन दिवस लागले. तो आला, टोपी काढली, खुर्चीवर बसला. तो कधीच आरडाओरडा करत नसे.

"मावशी, तुम्ही थकलात. विसरायला होतं माणसाला."

"तुझ्या पँटची शिवण उसवलीय," वेलिका म्हणाली. "गुडघ्यापाशी. दार उघडताना उसवली असेल."

त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली. "पंचाला आधीच बजावलेलं असतं की खोटं लिहून दिलं तर तुरुंग. तुम्ही सही केली आहे. या वयात तुरुंगात जाणार? त्या लोकांसाठी?"

"मला भीती घालतोयस की सांगतोयस?"

"सांगतोय."

"देमिरलाही असंच सांगितलंस का?"

बोंचेव उठला. जाताना त्यानं दार हळूच लावलं. वेलिकाला सुईत दोरा ओवता येईना. ती कात्री घेऊन बसली आणि दिवसभर नुसती उसवायची कामं केली.

त्या हिवाळ्यात गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. इल्को न्हावी तिला पाहून दुकानाचा पडदा ओढायचा. एकदा ती आतच घुसली. "चल ना माझ्याबरोबर. दोघांनी सांगितलं तर वजन पडेल." इल्को वस्तरा पुसत राहिला. "मला दिसलं नाही काही. माझं लक्ष नव्हतं." मग खालच्या आवाजात, "माझा मेव्हणा बँडमध्ये आहे गं." तिनं त्याला पुन्हा विचारलं नाही.

मार्च महिन्यात जिल्ह्याच्या कोर्टात खटला उभा राहिला. न्यायासनावर पाच जण होते. मधल्या मुख्य न्यायाधीश बाईंचे केस पांढरे होते आणि चष्मा साखळीला अडकवलेला होता. देमिर पिंजऱ्यात वाळून कोळ झाला होता. कबुलीजबाब मारहाण करून घेतला, असं त्यानं सांगितलं. सरकारी वकील म्हणाला, सगळेच असं म्हणतात. आणि ते खरंही होतं, सगळेच म्हणत.

मग वेलिका उभी राहिली. सगळं सांगून झाल्यावर सरकारी वकिलानं विचारलं, "म्हणजे बाई, तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

"तेव्हा."

"आणि एकदा खोटं बोललेल्या बाईवर कोर्टानं का विश्वास ठेवावा?"

"ठेवू नका," वेलिका म्हणाली. "दारावर ठेवा. इथून चाळीस किलोमीटरवर आहे. त्याला न्या आणि उघडायला सांगा. पण कुणी पुढं होऊन मदत करायची नाही."

कोर्टात खसखस पिकली. न्यायाधीश बाई हसल्या नाहीत. त्यांनी शेजाऱ्याशी कुजबूज केली आणि पुढची तारीख वाचनालयाच्या अंगणातच दिली.

त्या दिवशी सगळं गाव कुंपणाला लोटलं होतं. बोंचेवला फाटकाबाहेर उभं केलं. देमिरच्या बेड्या काढल्या. बोटं आता बरी झाली होती. त्यानं ढकललं, ओढलं, लाथ घातली. दार हललं नाही. सरकारी वकील म्हणाला, "मुद्दाम करतोय. कुणालाही उघडेल हे." न्यायाधीश बाईंनी त्याच्याकडं हात केला. त्यानं कोट काढला, घामाघूम झाला आणि बाजूला झाला. मग त्यांनी स्वतः प्रयत्न केला. मूठ नुसती हातात फिरली.

"हे उघडतं कसं?" त्यांनी गर्दीकडं वळून विचारलं.

तीस माणसांना येत होतं. कुणी जागचं हललं नाही. जो हात पुढं करेल त्याच्याकडं सगळे बघणार, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. वेलिका पुढं व्हायला निघाली, पण न्यायाधीश बाईंनी तिला थांबवलं. "तुम्ही नको."

गर्दीतून काळा रुमाल पुढं आला. दोना. ती रोज गान्चोचा डबा घेऊन यायची, एका हातात डबा असायचा म्हणून तिनं स्वतःची रीत बसवली होती. तिनं मुठीखाली कोपर घातला, फळीला गुडघा मारला आणि ओढलं. दार उघडलं.

"शिकवल्याशिवाय येत नाही," ती म्हणाली. "मला त्यानं शिकवलं होतं." मग ती देमिरकडं वळली आणि बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली. "याला नाही शिकवलेलं."

मे महिन्यात निकाल लागला. पंचनामा खोटा ठरला, कबुलीजबाबही स्वेच्छेचा नव्हता, म्हणून दोन्ही पुराव्यातून काढून टाकले, आणि देमिर सुटला. बोंचेवची दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली, त्यापलीकडं त्याचं काही बिघडलं नाही. खुनी सापडला नाही. बँड पुन्हा उभा राहिला नाही, आणि मिन्चोनं ढोल विकून टाकला. गाव आता एकमेकांकडं जरा तिरकं बघत असे, आणि त्याचा राग वेलिकावर काढत असे. दोना मात्र एका रविवारी काही न बोलता गायनवृंदात आपल्या जुन्या जागी येऊन उभी राहिली. वेलिकानं सरकून तिला जागा करून दिली.

वेलिकावरचा खटला उन्हाळ्यात आला. कोर्ट छोटं, न्यायाधीश तरुण, जेवायच्या सुट्टीआधी उरकायच्या घाईत. नेवेना फी न घेता उभी राहिली होती.

"गुन्हा कबूल आहे?"

"कबूल."

"कुणाच्या दबावाखाली कबूल करताय का?" कागदावर छापलेला प्रश्न त्यानं मान वर न करता वाचला.

"साहेब, हे तुम्ही माझ्याकडं बघून विचारा," वेलिका म्हणाली. "आणि आधी या शिपायाला बाहेर पाठवा."

"त्यानं तुम्हाला काही केलं?"

"छे हो, बिचाऱ्यानं पाणी आणून दिलं मला. पण देमिरचा कबुलीजबाब लिहून घेताना हाच प्रश्न विचारला तेव्हा बोंचेव त्याच्या खांद्याशी उभा होता. तो काय उत्तर देणार?"

न्यायाधीशानं पेन खाली ठेवलं. शिपायाला खूण केली. दार लागल्यावर त्यानं वेलिकाकडं नीट बघून प्रश्न पुन्हा विचारला.

"नाही," ती म्हणाली. "कुणाचा दबाव नाही."

जबाब टंकून झाला. शिक्षा ताकिदीची होणार, हे नेवेनानं आधीच सांगितलं होतं, सहीचाच काय तो उशीर. "वाचून दाखवतो," कारकून म्हणाला.

"नको. मीच वाचते."

तिनं चष्मा चढवला आणि ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचत गेली. न्यायाधीशानं घड्याळाकडं पाहिलं. सातव्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"इथं 'नजरचुकीनं सही केली' असं लिहिलंय."

"तुमच्या फायद्याचंच आहे ते, मावशी," नेवेना हळूच म्हणाली.

"नजरचूक नव्हती. मला सगळं दिसत होतं. घाई होती, असं लिहा."

कारकुनानं न्यायाधीशाकडं पाहिलं. न्यायाधीशानं मान हलवली. शब्द खोडला, वर नवा घातला. वेलिकानं ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि मग पेन मागितलं.