वेढ्याचा दुसरा नकाशा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा होतो. कोकणातल्या एका जलदुर्गाला गलबतांनी घातलेला वेढा माझ्यावर छापलेला होता. तांब्याच्या पत्र्यावर कोरून माझ्या मोजक्याच प्रती काढल्या होत्या. समुद्र हाताने निळा रंगवलेला, आणि त्यात पाण्याच्या खोलीचे बारीक आकडे.

नाचणगावच्या शाळेतल्या प्रेमदास मास्तरांना मी वर्ध्याच्या बाजारात रद्दीत सापडलो. त्यांनी मला चौथीच्या भिंतीवर टांगलं. तिथे समुद्र कोणीच पाहिलेला नव्हता. माझे आकडे समजावेत म्हणून मास्तरांनी मुलांकडून दोरीला हात-हात अंतरावर गाठी मारून घेतल्या, टोकाला दगड बांधला आणि शाळेची विहीर मोजायला लावली. त्या दिवशी माझं फार कौतुक झालं. शाळेकडे दुसरा नकाशाच नव्हता.

१९५८च्या उन्हाळ्यात पुलगावचे महादेवराव आले. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. आरमारी वेढ्यांचे जुने नकाशे जमवायचा त्यांना नाद होता. माझ्याजवळ येऊन त्यांनी माझी फाटकी कड बोटाने उचलून पाहिली.

"मास्तर, हा फाटून राह्यला. आठ दिवस द्या मले. मागून कापड लावून देतो."

"लई उपकार होतीन जी. शाळा उघडाच्या आधी पाहिजे पण."

"तुमच्या पोरायले समुद्र काऊन पाहिजे? पोहाले जाणार हायेत का?" महादेवराव हसले. मास्तरही हसले आणि त्यांनी मला गुंडाळून दिलं.

महादेवरावांच्या कपाटात हुबेहूब माझ्यासारखा नकाशा होता. असा दुसरा कुठेच नाही, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

कापड लावण्याआधी जुना कागद पाण्यात भिजवतात, आधीची खळ सुटावी म्हणून. घटकाभरात बाहेर काढतात. महादेवरावांनी मला घंगाळात ठेवलं आणि काढलंच नाही. रोज सकाळी येऊन बोटाने दाबून पाहत. पाचव्या दिवशी माझा लगदा झाला. मग त्यांनी बायकोला, अन्नपूर्णाबाईंना, हाक मारली. त्या दर उन्हाळ्यात रद्दीच्या लगद्यात वाटलेली मेथी घालून टोपल्या करत.

"हे बी घे."

"निळं काऊन हाय जी हे?"

"शाई हाय."

अन्नपूर्णाबाईंनी मला मळलं, पालथ्या घागरीवर थापलं आणि उन्हात वाळवलं.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मास्तर आले. महादेवरावांनी त्यांना बाहेर ओट्यावरच बसवलं.

"भिजवताना इरघळला, मास्तर. कागदच सडका होता. माह्याकून झालं तेवढं केलं."

मास्तरांनी विचारलं, "पोरायले काय सांगू?"

"सांगजा, बुडाला म्हणून." मग आत वळून महादेवराव म्हणाले, "अवं, मास्तरले मुरमुरे आण."

मुरमुरे माझ्यातच आले. मास्तरांनी नाही म्हटलं नाही. सावकाश खाल्ले. शेवटची मूठ घेताना त्यांची बोटं माझ्या तळावरून फिरली. काहीतरी बोलायला हवं म्हणून ते म्हणाले, "बाईनं टोपली मजबूत केली जी."

महादेवराव म्हणाले, "न्या घरी. तुम्हालेच देतो."

मित्रांनो, जुनी वस्तू दुरुस्तीला जरूर द्या. पण ती भिजत असेल तोवर शेजारी बसून राहा.