चौथी कोरफड

कवळीमास्तरांचा राग म्हणजे विस्तवावरचं दूध, कधी उतू जाईल नेम नाही. दिवसभर दुकानात लोकांच्या कवळ्या घासायच्या आणि घरी येऊन बायकोवर दातओठ खायचे, हा त्यांचा खाक्या. शेवटी डॉक्टरांनीच दम भरला, की रोज सकाळी अर्धा तास एखाद्या झाडापाशी गप्प बसा, नाहीतर माझ्याकडे कायमची खाट घ्या.

तेव्हा गॅलरीत कोरफडीची कुंडी आली. साडेसहाला मास्तर दार लोटून घेत, तांब्याभर पाणी घालत आणि स्टुलावर बसून पानांवरून बोट फिरवत. खोटं कशाला बोला, बरं वाटायचं त्यांना. छाती हलकी व्हायची. मग काय, दुकानात येणाऱ्या प्रत्येक बोळक्या तोंडापुढे प्रवचन सुरू: झाडाला माया कळते, वर्ष झालं, एक पान सुकलं नाही माझ्या हातून. बायकोलाही ऐकवून झालं होतं, की तुझ्या हाताला कुठलं रोप लागायला, सदा घाईत तू. ती नुसतं खरंय म्हणाली होती.

एके दिवशी चष्मा विसरला म्हणून ते दहालाच घरी परतले. बायको गॅलरीत रद्दी पसरून बसली होती, हात कोपरापर्यंत मातीत. शेजारी मास्तरांची कोरफड आडवी पडलेली, मुळं कुजून काळी झालेली. त्याच कुंडीत ती तेवढ्याच उंचीचं नवं रोप दाबत होती.

"हे काय चाललंय?"

ती दचकली. आता लपवणार तरी काय? "हे चौथं," ती म्हणाली. "कोरफडीला एवढं पाणी सोसत नाही हो."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं, पहिल्याच आठवड्यात. तुम्ही तांब्या फेकलात." वर न बघता तिनं माती थोपटली. "म्हटलं, जाऊ दे. तेवढा अर्धा तास तुम्ही ओरडत नाही. मलाही तेवढाच मिळतो."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तांब्या फेकलेला त्यांना आठवतसुद्धा नव्हता, याचीच जास्त लाज वाटली. चष्मा न घेताच ते जिना उतरले. त्या दिवशी दुकानात कुणालाही प्रवचन मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला ते स्टुलावर बसले. मातीत बोट घालून पाहिलं, ओल होती. तांब्या भरलेलाच ठेवला. हाताला काही काम नाही, म्हणून कान आत गेले. स्वयंपाकघरात बायको काहीतरी गुणगुणत होती. बारीक, पण सुरात. रोजच गुणगुणत असणार. लग्नाला सव्वीस वर्षं झाली आणि बायको गाते हे मास्तरांना आज कळत होतं.

सातला ते उठले. स्टूल फरशीवर करकरलं, तशी आतली गुणगुण थांबली.

मास्तर मुकाट्यानं परत खाली बसले.