मानसिंगरावांच्या मापाचा खोडा

मी खोडा बोलतोय. हसा खुशाल, पण पाय जरा लांब ठेवून हसा. बाभळीचे दोन जाड ओंडके, मधे दोन भोकं. कैद्याचे घोटे भोकांत ठेवायचे, वरचा ओंडका खाली पाडायचा, कडेला खुंटी ठोकायची. संपलं माझं शास्त्र. शिक्षण म्हणाल तर चौकीच्या भिंतीपलीकडे शाळा भरायची. मुळाक्षरं 'क्ष'पर्यंत आली आणि शाळाच दुसरीकडे गेली. म्हणून 'ज्ञ' तेवढा माझा राहून गेला.

आमचं गाव देवास. एका गावात दोन पात्या, म्हणजे दोन राज्यं, दोन महाराज, दोन फौजदार, आणि हद्द भर बाजारातल्या रस्त्यामधून. अलीकडच्या राज्यात कोणी शिंकलं की पलीकडच्या राज्यातून 'सत्य' म्हणत.

मी अलीकडच्या चौकीपुढे पडलेला. माझे धनी जमादार मानसिंगराव. आधी मिशा यायच्या, मागून ते. एकदा पलीकडच्या फौजदाराशी त्यांचं वाजलं, तर शिपायांना हुकूम सोडला, "वर्दीत जो रस्त्यापलीकडे पाऊल टाकील, त्याचा पट्टा उतरवीन." हा हुकूम ध्यानात ठेवा. मी ठेवला होता.

प्लेगच्या साली खानदेशातून काही कोष्टी कुटुंबं जीव घेऊन इथं आली. बिचारी लुगडी विणत राहिली. मग अलीकडच्या राज्यात फर्मान निघालं, की परमुलखी लोक धरा आणि हद्दीबाहेर नेऊन सोडा. पलीकडे असलं काही नव्हतं. मानसिंगरावांनी सगळ्यांना चौकीच्या आवारात कोंडलं. भगवंत कोष्टी म्हणाला, "साहेब, माझी बकुळा पोटुशी आहे, रानात कुठं नेऊ?" तेवढ्यावर तो माझ्यात अडकला. रंगपंचमी उरकली की गाड्या निघणार होत्या.

पलीकडच्या गल्लीतल्या बायका मात्र रोज यायच्या. पुढे यमुनाबाई, देवळातल्या पुजाऱ्याची बहीण. कोणी पिठलं-भाकरी आणी, कोणी बकुळेचं पोट चाचपून जाई. भगवंताच्या घोट्यांना तेल-हळद लावून त्यांनी माझ्या भोकांत चिंध्यांची गादी घातली. मला गुदगुल्या व्हायच्या, सांगणार कोणाला?

एक दिवस मानसिंगरावांनी पिठल्याचं पातेलं लाथेनं उडवलं. "परमुलख्यांना पोसता? माझ्या पाया पडा, मग बघू."

यमुनाबाईंनी मातीतलं पिठलं हातानं गोळा केलं. म्हणाल्या, "येईन हो जमादार, तुमच्या पायाशी. सवडीनं येईन."

रंगपंचमी आली. आमच्या बाजारात त्या दिवशी बायकांनी धरलेल्या पुरुषानं चिडायचं नाही. चिडला, तर वर्षभर गल्ली त्याला बांगड्या दाखवते. मानसिंगराव भांग घेऊन खुर्चीत झुलत होते.

"काय हो जमादार," यमुनाबाई म्हणाल्या, "या वाळक्या कोष्ट्याला खोड्यात घातलंत, त्यात मर्दुमकी कसली? तुमचे पाय यात मावायचे नाहीत म्हणे."

"कोण म्हणतं?"

"अख्खा बाजार म्हणतो."

"गेंदालाल, काढ रे त्याला!" शिपायानं भगवंताला काढलं. मानसिंगराव जमिनीवर फतकल मारून बसले आणि आपले पाय माझ्यात ठेवले. "मावले की नाही?"

"मावले बाई, मापानं मावले!" असं म्हणत यमुनाबाई त्यांच्या पायाशी बसल्या, वरचा ओंडका खाली पाडला, पदराखालून वरवंटा काढला आणि खुंटी ठोकली. काय तो आवाज! कान असते तर तृप्त झाले असते.

मग मला दोर बांधून बायकांनी ओढलं. जमादार बुडावर घसरत, शिव्या देत, रस्त्यापलीकडे. दोर ओढणाऱ्यांत सर्वांत पुढे भगवंत होता.

आता माझी पाळी. बायकांनी माझ्यावर रंगाच्या घागरी ओतल्या. वर्षानुवर्षांचा तहानलेला मी. प्यालो, पुन्हा प्यालो, आणि असा फुगलो की खुंटी ब्रह्मदेवालाही निघू नये.

"गेंदालाल! हरामखोरा, सोडव!"

रस्त्याच्या अलीकडूनच गेंदालालनं हात जोडून त्यांचाच हुकूम ऐकवला, "साब, तमारोज हुकम हे. पाँव धर्यो तो पट्टो जाय."

तेवढ्यात तिकडचे फौजदार आले, गुलालानं माखलेले. "हा कोण? वर्दीत, बिनपरवाना? परमुलखी दिसतो. हद्दीवर नेऊन सोडायला हवा."

"हद्द इथंच आहे हो!"

"असू दे. पण गाडी उद्या मिळेल."

ऊन चढलं. यमुनाबाईंनी पिठलं आणलं आणि घास जमादारांच्या मिशांखाली धरला. त्यांनी तो गिळला. मग हळूच विचारलं, "बाई, काय हवं?"

"आवारातली माणसं. हुकूम तुमच्या तोंडून, शिपायांना ऐकू जाईल असा."

घोटे सुजले होते. दात खाऊन ते ओरडले, "सोडा त्यांना!"

माणसं रस्ता ओलांडून आली. कोणी धावलं नाही. प्रत्येकानं जाता जाता जमादारांना रंग फासला. बकुळेनं रंग घेतला नाही. जड पोट सावरत ती खाली बसली, माझ्या भोकांत बोटं घालून चिंध्या उपसल्या आणि म्हणाली, "या आमच्या आहेत."

जमादार सुटावेत म्हणून मी लगेच वाळू शकलो असतो का? कोण जाणे. घाई केली नाही, एवढं खरं.

मला कोणी परत मागितलं नाही. मागायचं तर मी पलीकडे कसा गेलो ते सांगावं लागतं. आज मी भगवंताच्या दाराशी बाकडं आहे. त्या उन्हाळ्यात जन्मलेली त्यांची लेक मला धरून उभी राहायला शिकली. आता मला वाळवी लागलीय. यंदाच्या होळीत घालायचं म्हणतात, घाला बापडे. खुंटी मात्र जाळू नका. ती बकुळेनं यमुनाबाईंच्या वरवंट्याशेजारी ठेवलीय. बाभळी पुष्कळ आहेत, आणि मानसिंगरावांच्या मापाचे पाय अजून हिंडताना दिसतात.